लेकरं मोजत नसते

पुण्याला शिकणारी माझी नात दिवाळीत घरी आली, की माझ्या मागे वही घेऊन फिरते. भाषेचं काहीतरी शिकते ती. माझ्या तोंडून चुकून 'का'च्या जागी 'काऊन' निघालं, की तिचं पेन चाललंच. बोलायचीही चोरी झाली आहे मेली. यंदा मात्र तिनं मलाच शिकवायला घेतलं. म्हणाली, "आजी, हंगेरीत 'पाच मुलं' म्हणत नाहीत, 'पाच मूल' म्हणतात. आकडा लागला, की पुढचं नाम एकवचनीच राहतं. 'पुष्कळ मूल', 'थोडं मूल', 'प्रत्येक मूल'. आणि 'किती' विचारायला त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. एक मोजायच्या गोष्टींसाठी, दुसरा पाण्या-पिठासाठी. पण तो दुसराही कधी कधी मोजायच्या गोष्टींना चालवून घेतात."

मी म्हटलं, "आमचा 'किती' एकच. दुधालाही तोच आणि म्हशीलाही तोच."

ती हसली, लिहून घेतलं, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मग आजी, तू पहिल्यांदा नोकरीला होतीस त्या गावात लेकरं कुठल्या बाजूला धरायचे? मोजायच्या, की मापायच्या?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी इकडची तिकडं करत राहिले. तिचा काय दोष? तिला काय ठाऊक, तिनं कुठं बोट ठेवलं ते. त्या गावात एक मुलगी होती, आठ वर्षांची. ती मागे राहिली आहे हे सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. साठ वर्षं होत आली. नातीला तोंडानं सांगणं मला जमायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी, शाळा नवी आणि मीही नवीच, वीस वर्षांची. माझं माहेर दुसरबीडचं. नेमणूक मिळाली ती थेट मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात. वडील पोचवायला आले, एका विधवा बाईच्या घरात माझी खोली ठरवली, सरपंचाला नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. घरमालकिणीला मी मावशी म्हणायला लागले. तिला पोरबाळ नव्हतं, तेव्हा तिनंही मला जीव लावला. आमच्या दुसरबीडकडची बोली जालन्याकडं झुकणारी. इकडं 'मले-तुले', 'जाऊन राह्यलो'. पहिल्या महिन्यात मी बोलले की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि त्या बोलल्या की मी.

गाव भाजीपाल्याचं. वांगी, मिरची, कांदा, वर ज्वारी आणि कापूस. माणसं हिशेबाला एकदम पक्की. कडब्याची पेंढी शेकड्यानं मोजायची, गोवऱ्या मोजून रचायच्या, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी मोजून द्यायची, त्यात एकीची चूक नाही. वांगी-मिरची टोपल्यानं. ज्वारी मापानं. खळ्यावर रास मापायला बसलं, की पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन, आणि मापणाऱ्याशी बाकी कोणी अक्षर बोलायचं नाही. भाकरी तर मुळीच मोजायची नाही. टोपल्यात किती आहेत म्हणून झाकण काढून डोकावलं, तरी मावशी हातावर चापट मारायची.

आणि लेकरं भाकरीच्या बाजूची. हे मला कळायला थोडा वेळ लागला. तीन घरं सोडून एक बाई राहायची, तिला सगळे वहिनी म्हणायचे, म्हणून मीही. तिच्या अंगणात बघावं तेव्हा लेकरंच लेकरं. मी मावशीला विचारलं, "मावशी, वहिनीला लेकरं किती?"

"हायेत. भरलं घर हाये."

"भरलं म्हणजे किती?"

"अवं माय! लेकरं मोजत नसते."

"काऊन?" मी मुद्दाम त्यांच्या बोलीत विचारलं.

मावशी हसली नाही. "मोजलं का घटते," म्हणाली आणि जात्याशी जाऊन बसली.

मी मात्र हसले होते. ट्रेनिंग झालेली मी! आमच्या कॉलेजात आरोग्याचा तास असायचा, अंधश्रद्धेवर निबंध लिहून मी बक्षीस घेतलं होतं. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची. दुसऱ्याच दिवशी मी लेकरांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावत खणखणीत आवाजात मोजलं. देवळासमोरून दोन बायका पाण्याला चालल्या होत्या, त्या घागरी घेऊन तिथंच थांबल्या. एकीनं आपल्या पोराला हाताला धरून रांगेतून ओढून नेलं. मला वाटलं, काय अडाणी बाई आहे.

त्या रांगेत वहिनीचा मुलगा होता, सात वर्षांचा. त्याच्या डोक्यालाही बोट लागलं. आठ दिवसांनी त्याला ताप भरला आणि चौथ्या दिवशी तो गेला.

त्या साली आजूबाजूच्या गावांत तापाची साथ होती. दुसरीकडंही लेकरं गेली, तिथं कोणी बाई मोजायला गेली नव्हती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण त्याला नेताना मी खिडकीत उभी होते आणि माझं ते बोट मी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं होतं. कोणी बघू नये म्हणून. आता बोला!

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही लेकरू आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ओसरीवर मी, फळा आणि एक कुत्रं. पाण्याला गेले की विहिरीवरच्या बायका बोलायच्या थांबायच्या. 'मोजणारी बाई' असं नाव पडलं माझं. आठवड्यानं सरपंच आले. माणूस चांगला. उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, हजेरी घ्या, नावं घ्या, आमची ना नाही. पण बोट लावून, आकडा बोलून मोजू नका. पुन्हा काही झालं तं मी तुमाले नाही सांभाळू शकत. लोक बैलबंडीत बसवून धामणगावले सोडून देतीन तुमाले."

मावशीनं रात्री जेवताना समजावलं, "मोजाचंच असन तं मनात मोज. ओठ नको हालू देऊ."

तशीच सवय लावून घेतली मी. नावं पुकारायची, 'हजर' ऐकायचं, आणि बेरीज घरी येऊन लिहायची. पण डोळ्यांनी मोजायचं थांबलं नाही. शिक्षकाची खोड ती. लेकरं समोर आली, की डोक्यात आकडा आपोआप पडायचा. मुलगा गेल्यावर वहिनी मला एका शब्दानं बोलली नाही. उलट महिनाभरानं पहिलं लेकरू तिनंच पाठवलं, आपली मधली मुलगी, आठ वर्षांची. तिला बघून मग बाकीची हळूहळू आली. ही मुलगी दाराच्या खांबाला टेकून बसायची, वेणीचं टोक चघळायची, आणि विचारलं तरच बोलायची. सगळ्या कामात मागे. पाटी पुसायला मागे, घरी जायला मागे. वाटेत काही दिसलं, की तिथंच बसून राहायची. वहिनी म्हणायची, "हिले हाका माराले माह्यं अर्धं आयुष्य गेलं."

नवरात्र आलं. गावापासून अडीच-तीन कोसांवर डोंगरात एक देवी आहे, अष्टमीला सगळं गाव तिथं जायचं. पाच बंड्या जुंपल्या होत्या. इकडं बैलगाडीला बंडी म्हणतात. मावशीनं मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "तिथं तं मोजाचं नाव नको काढू बाई. जाताना नाही अन् येताना तं अजिबातच नाही. गावात पोचेपर्यंत देवी मांगून पाहात असते. आकडा आयकला का आपला हिस्सा मागते."

"मनातही नाही?"

"मनातलं देवीले आयकू येत नाही काय?"

पण सकाळी बंड्या निघाल्या तेव्हा माझी शाळेतली लेकरं डोळ्यांनी मोजलीच. चोवीस. थांबवणार कसं?

डोंगरावर दिवस बरा गेला. नैवेद्य झाला, जेवणं झाली, बायका झाडाखाली पांगल्या. दुपार कलली तसा उकाडा वाढला. वारा अगदी पडला. डोंगराच्या मागच्या बाजूनं काळं भरून यायला लागलं, आणि देवळाजवळचे कावळे एकदम उडून खाली गेले. पुरुषांनी घाई केली. "चला, चला, नाल्याले पाणी याच्या आत उतरा लागते." आमच्या गावात आणि डोंगरात एक नाला होता, गावापासून अर्ध्या कोसावर. एरवी बकरीचं पाऊल भिजेल एवढं पाणी, पण डोंगरात पाऊस पडला की घटकेत पुरुषभर यायचं.

बंड्या भरायला लागल्या. आपलं लेकरू आपल्या बंडीत, असा नियम तिथं नव्हता. ज्या बंडीत जागा दिसेल तिच्यात जे हाताला लागेल ते लेकरू उचलून टाकायचं. वर गोधड्या, भांडी, नारळाची पोती. सगळ्यांची सगळी लेकरं, म्हणजे कोणाचंच कोणाकडं लक्ष नाही. मी माझी पिशवी घेऊन जात होते, तेव्हा वहिनीची मधली मुलगी मला एका सीताफळीच्या झाडाखाली दिसली. परकराचा ओचा धरून उभी होती.

"बाई, हे पिकलं असन काय?" तिनं एक फळ पुढं केलं.

"नाही गं पिकलं. चल, बंडीत बस. पाऊस येतोय."

"हाव," म्हणाली.

मी पुढं निघाले. तिला बसताना मी पाहिलं नाही.

उतारावर बैल दमानं घ्यावे लागत होते. बंड्यांतल्या बायका गाणी म्हणत होत्या, मग गडगडायला लागलं तशी गाणी थांबली. मागं वळून बघायचं नाही असाही तिथं रिवाज होता, त्यामुळं सगळ्यांच्या माना पुढं. नाल्यावर पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. पाणी घोट्याएवढंच होतं. पण काठाचा उतार तीव्र, म्हणून लेकरं उतरवून पायी पलीकडं न्यायची आणि रिकाम्या बंड्या सावकाश उतरवायच्या, असं नेहमीचंच होतं. पुरुष बैलांपाशी. बायका खाली उतरून लेकरांना हात द्यायला लागल्या. मी पाण्याच्या कडेला एका दगडावर उभी राहिले. एकेक लेकरू माझा हात धरून त्या दगडावरून उतरत होतं.

ओठ मिटलेले होते माझे. तेवीस.

मी पुन्हा पाहिलं, पण लेकरं पलीकडं पोचून बंड्यांकडं पळायला लागली होती, एकात एक मिसळली. वहिनीची मधली मला दिसली नव्हती. तिचा हात माझ्या हातात आला नव्हता. लहान लेकरं झोपलेली होती, ती आयांच्या कडेवर गेली, तीही गेली असेल का कोणाच्या खांद्यावर? आठ वर्षांच्या मुलीला कोण खांद्यावर घेतं? गोधडीखाली झोपली असेल, बंडीतच राहिली असेल. असं मी स्वतःला सांगितलं. मागं वळून पाहिलं. रस्ता वळणापर्यंत मोकळा होता. वळणावर बाभळी होत्या, आणि त्यांच्या पलीकडं मला दिसत नव्हतं.

"काय वं, काय पाहून राह्यली मागं?" मावशी ओरडली.

"मावशी, सगळे आले ना?"

"हाव, आले सारे."

पुढच्या बंडीवरच्या माणसानंही विचारलं, "आले ना बे सारे?" आणि कोणीतरी उत्तर दिलं, "हाव, सारे आले." विचारणाऱ्यानं पाहिलं नाही, सांगणाऱ्यानं पाहिलं नाही. 'सारे' म्हणजे जे समोर दिसत होते ते.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की एक कमी आहे, थांबा. एवढे शब्द. पण ते म्हटलं असतं आणि ती गोधडीखालून डोळे चोळत निघाली असती, तर देवीच्या वाटेवर आकडा बोलले म्हणून मला त्याच बंडीतून धामणगावला सोडलं असतं. पुढं वर्षभरात कोणत्याही घरी काहीही झालं असतं, तर ते माझ्या माथी. आणि ती खरंच नसती, तर म्हणाले असते, बाईनं मोजली म्हणून गेली. वहिनी समोरच उभी होती, कडेवर तान्हं, तिच्या डोळ्यांत मला माझं ते बोट दिसलं. मी भ्याले. दुसरं काही कारण नाही. एवढी शिकलेली, बक्षीस मिळवलेली बाई, भ्याली आणि बंडीत चढून बसली.

बंड्या शिवारात शिरल्या आणि मागून आवाज यायला लागला. आधी वारा वाटला. मग दगड घरंगळल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"पूर आला बाप्पा!" एक म्हातारा म्हणाला. "बरं झालं, टायमावर निंघालो."

बायकांनी देवीचा जयजयकार केला. मी बंडीची दांडी घट्ट धरून बसले.

घरी गेल्यावर मी पिशवी खाली टाकली आणि गावात फिरले. कोणाच्या घरी जाऊन 'ताक आहे का', कोणाच्या घरी 'माझी शाल तुमच्या बंडीत राहिली का'. प्रत्येक घरात डोळ्यांनी लेकरं चाळत होते. ती कुठंच नव्हती. सगळ्यांत शेवटी वहिनीच्या घरी गेले. आधी तिथंच जायला हवं होतं, पण पाय वळत नव्हता. दिवे लागले होते. वहिनी चुलीपुढं होती, तिच्या भाकरी थापून झाल्या होत्या, लेकरं भिंतीशी ओळीनं बसली होती, तिची आणि दिराची मिळून.

"वहिनी, मधली आली का?"

"आली असन कोणाच्या तरी घरी. एवढे घरं हायेत." तिनं मान वर केली नाही.

"मी सगळीकडं पाहिलं."

आता तिनं पाहिलं. "काऊन पाहून राह्यल्या तुमी?"

मी तिच्याजवळ बसले. "वहिनी, एकदा मोजा. तुमच्या पाया पडते. तुमची लेकरं किती आहेत ते..."

तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. पिठाचा, चुलीचा गरम हात. "पुन्हा नाही," म्हणाली. "माह्या घरात पुन्हा नाही, बाई."

तिचा हात माझ्या तोंडावर होता आणि नजर लेकरांवर. मग हात काढून ती उठली. भाकरीचं टोपलं उचललं आणि भिंतीच्या एका टोकापासून प्रत्येक लेकराच्या हातावर एक एक भाकरी ठेवत गेली. तोंडानं काही नाही. वहिनीनं जन्मात भाकरी मोजून थापल्या नव्हत्या. लेकरांच्या मोठ्या भाकरी, प्रत्येकाची एक, तिच्या हाताला पाठ होतं. भिंतीचं दुसरं टोक आलं. शेवटच्या पोरानं भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

टोपल्यात एक भाकरी उरली होती.

वहिनी टोपल्यात पाहत राहिली. "अवं माय माही," एवढंच म्हणाली, अगदी हळू. मग टोपलं तिच्या हातातून पडलं आणि ती किंचाळत बाहेर धावली.

पुरुष कंदील घेऊन नाल्यावर गेले. पाणी दोन्ही काठ धरून वाहत होतं, पलीकडं हाका मारल्या तरी पाण्यापुढं ऐकू जाईनात. पोहणारे होते, पण त्यात उतरणं म्हणजे मरणच. पाणी ओसरायला पहाट झाली. ती खालच्या अंगाला, जांभळीच्या मुळ्यांत सापडली. ओच्याची गाठ तशीच कंबरेला होती, आत तीन सीताफळं.

गावचा कोतवाल पलीकडच्या काठावर जाऊन आला होता. त्यानं मावशीच्या ओसरीवर बसून सांगितलं. वरच्या चिखलात तिच्या पावलांचे ठसे होते. पाण्यापर्यंत आलेले, मग मागं गेलेले, मग पुन्हा पाण्यापर्यंत. बंड्यांच्या मागोमागच चालत आली होती पोरगी. फार मागे नव्हती. वळणाच्या पलीकडंच असणार. आम्ही पाण्यातून उतरत होतो, तेव्हा आणखी थोडं थांबलो असतो, तर घोट्याएवढ्या पाण्यातून तीही आली असती. कोतवाल हे सांगत होता आणि मी दाराआड उभी होते.

मी ट्रंक भरून ठेवली. येतील, बंडीत बसवतील, वाटेत काय करतील ते करतील. एक दिवस गेला, दोन गेले, कोणी आलं नाही. गावात कोणी मोठ्यानं बोलेनासं झालं होतं. लेकरांना घराबाहेर सोडत नव्हते. देवळाच्या ओसरीवर मी रोज जाऊन बसायचे, अकरा ते पाच, रिकाम्या जागेकडं बघत. शाळा चालू ठेवणं माझं काम होतं म्हणून, आणि खोलीत बसवत नव्हतं म्हणून.

दहा-बारा दिवसांनी दुपारी वहिनी ओसरीवर आली. एकटी. मी उठून उभी राहिले. ती त्या खांबापाशी बसली, दाराच्या. बराच वेळ पदराच्या टोकाला पीळ देत राहिली.

"बाई, एक इचारू? खरं सांगसान?"

"विचारा."

"तुमी रोज मोजता. मनात मोजता, मले ठाऊक हाये. तुमचे डोये हालते." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "नाल्यावर मोजलं होतं काय?"

मारुतीसमोर उभी होते मी. अकरा दिवस मी हेच सांगायचं ठरवत होते. सांगून टाकायचं आणि पायावर डोकं ठेवायचं, मग तिनं दगड उचलला तरी चालेल. शब्द जुळवून ठेवले होते. आणि तोंडातून निघालं ते असं:

"नाही, वहिनी. देवीच्या वाटेवर होतो ना. नाही मोजलं."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, खोटं ओळखलं हिनं. पण तिचा चेहरा सैल पडत गेला, आणि इतक्या दिवसांचं रडू तिला तिथं फुटलं. मी जवळ जाऊन बसले, तर तिनंच मला पोटाशी धरलं. "मंग तुह्या हाती तरी काय होतं, माय," म्हणाली. आजवर ती मला 'तुमी' म्हणत आली होती. "तू बी आमच्यासारखीच. कोणीच नाही पाह्यलं. कोणीच नाही."

दुसऱ्या दिवशी ती आपली उरलेली लेकरं घेऊन शाळेत आली. ओळीनं बसवली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मोज बाई. मोठ्यानं मोज. रोज मोजत जाय." तिच्या मागून बाकीच्या बायका आल्या. मी मोजलं. कसं मोजलं ते माझं मला ठाऊक.

त्या गावात मी पुढं नऊ वर्षं काढली. दोनदा बदली आली, दोनदा गावानं अर्ज करून रद्द करवली. लग्नाकार्यात मला पहिलं बोलावणं, कोणाच्या घरी बाळ झालं की पाहायला आधी मला न्यायचे. नवी एखादी सून किंवा बाहेरगावचा पाहुणा कधी बोलून जायचा, की एवढी शिकलेली बाई संगं होती, तिच्या कसं ध्यानात आलं नाही? तेव्हा वहिनी, जिथं असेल तिथून, पदर खोचून भांडायला उठायची.

"आमच्या बाईले काऊन बोलता? तिनं कुठी मोजलं होतं!"

आणि मी तिच्या शेजारी मान खाली घालून उभी राहायचे.